कठडा



मागच्या बुधवारी आमच्या घरच्या प्रार्थनेत अनुवादाचा बाविसावा अध्याय वाचायला आला. आठव्या वचनाशी आल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि माना खाली घातल्या. वचन छोटे आहे, उपासनेत फारसे कोणी वाचत नाही. नवे घर बांधशील तर छताला कठडा कर, कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. त्या वचनाची आमच्या घरची साक्ष आज लिहीत आहोत. ती अभिमानाची नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आमचे घर भालकी तालुक्यात. आजोबांनी ते बांधले तेव्हा बीदर हैदराबाद संस्थानात होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पुढे त्याचेच कर्नाटक झाले. घर जागचे हलले नाही. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, आणि देवळात ज्याला जी येईल ती. भिंती पातळ भाजक्या विटांच्या, दीड हात जाडीच्या. विटांच्या मध्ये चुना नाही, नुसती माती. वरून चुन्याचा गिलावा. खाली शहाबादी फरशी, ती तर आपल्या कलबुर्गी जिल्ह्याचीच. ओळीने तीन खोल्या आणि पुढे ओसरी. मधल्या खोलीत बुधवारची प्रार्थना आजोबांच्या वेळेपासून चालत आली आहे.

या घरात आई, दादा-वहिनी, आम्ही दोघे आणि पाच मुले. मुले लहान होती तोवर ओळीने झोपत. मोठी मुलगी नववीत गेली तेव्हा आईच म्हणाली, "आता पोरींना एक खोली पाहिजे, आणि रात्री बाहेर जावं लागू नये." दोन खोल्या, न्हाणीघर आणि संडास वाढवायचे ठरले. पण ते साल 2016 होते. त्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि आमच्या गल्लीतही टँकरभोवती घागरींची रांग लागे. लोक पिण्याला तरसत असताना विटा भिजवायला पाणी कोणत्या तोंडाने मागायचे? पावसाळा होऊ दिला.

दादांचे म्हणणे होते की जुन्या भिंतींवरच स्लॅब टाकू. इतक्या जाड भिंती आहेत, पिलर कशाला? पिलरचे लोखंड वाचले तर बरेच पैसे वाचणार होते. आमचे मिस्त्री म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी काही वाद घातला नाही. खिशातला पेचकस काढला, उत्तरेच्या भिंतीत दोन विटांच्या फटीत खुपसला आणि फिरवला. भुरूभुरू माती खाली आली, पिठासारखी. मग हातोडीने गिलावा उडवला. आत छतापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी भेग निघाली. चाचांची चार बोटे तिच्यात गेली.

आईने ती भेग ओळखली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटे कमी. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव नुकतेच झोपले होते. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत साधारण 70 किलोमीटर. आईने आम्हा भावंडांना अंगणात ओढले होते. तिकडे लातूर-उस्मानाबादेत जवळजवळ 10,000 माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर धाब्याचे मातीचे ओझे, तेच झोपलेल्यांच्या अंगावर आले. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत नव्हे, हे आपल्या मुलखाने इतकी माणसे देऊन शिकले. आमची भिंत उभी राहिली. वडिलांनी भेग सिमेंटने भरली, नाताळच्या आधी चुना मारला, आणि देवाचे आभार मानले. आभार खरेच होते. पण चुन्याखालच्या भेगेचा पुन्हा कोणी विचार केला नाही. सिमेंटमागे ओल अडकून राहिली आणि तेवीस वर्षांत आतली माती मोकळी झाली.

चाचा म्हणाले, स्लॅब या भिंतीवर टाकायचा असेल तर दुसरा मिस्त्री बघा. दादा उठून गेले. त्यानंतर आठ दिवस आम्ही भाऊ एकाच घरात वेगवेगळ्या वेळी जेवलो. एकाच ताटात वाढलेली माणसे!

त्याच दिवसांत आमच्या पाळकसाहेबांनी आम्हाला लेवीयचा चौदावा अध्याय वाचायला सांगितला. घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस खळगे दिसले तर काय करायचे, ते तिथे लिहिले आहे. याजक येण्याआधी घर रिकामे करायचे, म्हणजे आतले सामान अशुद्ध ठरणार नाही. मग घर सात दिवस बंद. डाग पसरला तर तेवढेच दगड काढायचे, भिंती खरवडायच्या, दुसरे दगड, दुसरी माती. एवढे करूनही डाग परत आला, तरच घर पाडायचे. आम्हाला त्यातली सबुरी फार भावली. देव घर पाडायची घाई करत नाही. पण डागावर चुनाही मारू देत नाही.

शेवटी दादाच चाचांच्या घरी गेले. उत्तरेची खोली उतरवली, मधली प्रार्थनेची खोली आणि ओसरी तशीच ठेवली. आमच्याकडची जमीन काळी, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणले. जुन्या भिंतीलगतचा चर एकदम उघडला नाही, चार-चार फुटांनी खणला आणि भरला, नाहीतर जुना पायाच उघडा पडून खचला असता. नव्या खोल्या स्वतःच्या पिलरवर उभ्या केल्या. जुन्या-नव्या भिंतींच्या दाती एकमेकांत गुंतवू द्या असे आम्ही म्हणालो, तर चाचा हसले. नवे बांधकाम बसायला वेळ घेते, जुने बसून झालेले असते, बांधून टाकले तर दोघे एकमेकांना फाडतील. त्यांनी मध्ये दोन इंचांची फट सोडली आणि वरून पट्टी लावली.

भिंती खिडकीच्या वर गेल्या आणि 8 नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. मजुरांना द्यायला हातात सुटे नाहीत. चाचांनी दोन आठवड्यांची मजुरी उधार ठेवली, वहीतसुद्धा लिहिली नाही. डिसेंबरात स्लॅब पडला.

आता आमचा दोष. कठड्यासाठी 38,000 रुपये बाजूला ठेवलेले होते. पुढच्या खोलीला दादा शहाबादी फरशीच घाला म्हणत होते. जुनी फरशी तर निघालीच होती. पण जानेवारीत गृहसमर्पणाला सगळी मंडळी येणार, बीदरहून पाहुणे येणार. आम्ही दोघांनीच हट्ट केला की चकचकीत टाइल्स पाहिजेत. कठडा काय, मार्चमध्ये होईल. दादा, मागच्या भांडणामुळे असेल, काही बोलले नाहीत. समर्पणाच्या दिवशी पाळकसाहेब जिन्याने वर गेले, कडेला उभ्या सळया पाहिल्या आणि विचारले, "कठडा?" आम्ही म्हणालो, "मार्चमध्ये, साहेब." खाली सगळ्यांनी टाइल्सचे कौतुक केले. ते ऐकून बरे वाटले, हेही लिहून ठेवतो.

मार्च गेला, एप्रिल गेला. मेमध्ये रात्री लाइट जायची आणि सगळे घर गच्चीवर झोपायचे. आम्ही कडेला खाटा आडव्या लावायचो, तोच आमचा कठडा. एका पहाटे दादांची धाकटी, चार वर्षांची, लघवीला उठली आणि झोपेतच जिन्याच्या उलट दिशेला निघाली. दोन खाटांमधून ती वाकून पलीकडे गेली. किल्लारीपासून आईची झोप पातळ झाली आहे. तिने फ्रॉकचा मागचा घोळ धरला. आम्हाला जाग आली ती चपलेच्या आवाजाने. पोरीच्या एका पायातली चप्पल खाली विटांच्या ढिगावर पडली होती.

कोणी ओरडले नाही. वहिनींनी पोरीला छातीशी घट्ट धरले. दादांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि ते बोलण्यापेक्षा जड होते. उजाडेपर्यंत आम्ही दोघे जिन्यात बसून राहिलो. प्रार्थना करायला तोंड उघडेना. टाइल्सचा एक तुकडा जिन्याच्या पहिल्या पायरीलाही लावलेला होता, तो दिसत राहिला.

सकाळी आम्ही दादांच्या पाया पडलो. ते एवढेच म्हणाले, "वाळू सांग."

पैसे नव्हते, पण उतरवलेल्या भिंतीच्या विटा होत्या, ज्या ढिगावर चप्पल पडली त्याच. आई आणि मुले अंगणात बसून एकेका विटेची माती खरवडू लागली. सुट्टीच होती. आजोबांच्या विटा, भाजणी अशी की एकमेकींवर आपटल्या तर टणत्कार यायचा. दादांनी आणि आम्ही माल कालवला, चाचांनी थर लावले. या वेळी विटांमध्ये माती नाही, सिमेंट, आणि वरून सळई घालून काँक्रीटची पट्टी, म्हणजे धरणी हलली तर कठडा कोणाच्या डोक्यावर जाऊ नये.

साडेतीन फुटांवर चाचांनी थापी ठेवली. आई जिना चढून वर आली. कठड्यावर हात टेकून तिने खाली पाहिले, मग पाचही मुलांना ओळीने कठड्याशी उभे केले.

"अजून दोन थर लाव बाबा," ती चाचांना म्हणाली. "पोरं वाढत्यात."

चाचांनी थापी पुन्हा उचलली.