विशाखापट्टणमचा कोणता किनारा?

नोकरीतली प्रवास सवलत वाया जाऊ नये म्हणून मागच्या हिवाळ्यात मी कुटुंबाला घेऊन नागपूरहून विशाखापट्टणमला गेलो. गाडी समता एक्स्प्रेस. नाव ऐकूनच आमची माय खूश! वय चौऱ्याहत्तर. १९५६ च्या धम्मदीक्षेला ती वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती. समुद्र मात्र तिने कधी पाहिला नव्हता.

फिरायला मोकळा दिवस एकच आणि किनारे अनेक. शहरातल्या रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' ही खरी पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. पण तिथे खडक आहेत, पाण्याला ओढ आहे, माणसे बुडतात. डोंगरांच्या कुशीतला यारडा सुंदर, पण रिक्षाभाडे ऐकून गप्प बसलो. मुलांचा हट्ट ऋषिकोंड्याचा, कारण तिथे नावा. सौभाग्यवतीला भीमिली पाहायचे होते, जिथे गोस्थनी नदी समुद्राला मिळते. मायला कोणी विचारलेच नाही. मीही नाही, हे कबूल करतो.

रात्री तीच म्हणाली, "आपल्या बुद्धाचं काही नाही का इथं?"

आहे की! भीमिलीच्या रस्त्यावर शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर थोटलाकोंडा नावाची टेकडी आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी तिथे मोठा भिक्षूसंघ राहत होता. १९८८ ते १९९३ या काळात उत्खनन झाले. महास्तूप, भिक्षूंच्या खोल्या, सभागृह, शिवाय रोमन नाणी सापडली. म्हणजे हा संघ दर्यापारच्या व्यापाराशी जोडलेला होता. आणि टेकडीच्या पायथ्याशीच मंगमारिपेटचा किनारा! "सहलीतसुद्धा विहार?" मुलगा कुरकुरला. तरी सकाळी भीमिलीची बस धरली आणि टेकडीवर रिक्षाने चढलो. कोणी जाणार असाल तर ऊन तापायच्या आत जा.

वर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांच्यावरूनच टेकडीला हे नाव पडले. तेलुगूत तोट्टी म्हणजे टाके. चवदार तळ्याची हकिकत मायला तोंडपाठ. ती टाक्याच्या काठावर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "इथं कोनाले पानी मना होतं का रे?"

"नाही माय. संघात आल्यावर जात उरत नव्हती."

ती काही बोलली नाही. पदर सावरून खाली बसली आणि समोरच्या निळ्या समुद्राकडे पाहत राहिली. कुरकुरणारा मुलगाही तिच्याजवळ जाऊन बसला.

दुपारी खाली किनाऱ्यावर उतरलो. लाटा मोठ्या होत्या, म्हणून मुलांना घोट्याच्या पुढे जाऊ दिले नाही. धाकटीने आजीचा हात धरला. मायने ओंजळीत पाणी घेऊन चाखले आणि लगेच थुंकले.

"अगं माय, किती खारट हाये!"

मुले वाळूत हसून लोळली. ऋषिकोंड्याच्या नावा राहून गेल्या. मुलगा अजून मला ते ऐकवतो.