हातचं राखून

टर्न-बेस्ड टॅक्टिकल गेम कंटाळवाणे असतात, असं मी बरीच वर्षं ठामपणे सांगत आलो. एक शिपाई चार पावलं पुढे न्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. सगळे हलवून झाले की ‘एंड टर्न’ दाबायचं आणि शत्रू काय करतो ते बघत बसायचं. पहिली गोळी सुटेपर्यंत चहा गार व्हायचा. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. मात्र ते पुरतं उलटलंय असंही नाही. ते कुठे बदललं आणि कुठे अजून तसंच आहे, हे एकदा नीट मांडावंसं वाटलं.

जुन्या मतामागे कारणं होती. लढाई म्हटली की घाई आली. शत्रू अंगावर येतोय, विचार करायला फुरसत नाही आणि तरी काहीतरी करायचंय, यातच लढाईची खरी रग आहे असं मला वाटायचं. टर्न-बेस्ड खेळात शत्रू आपली वाट बघत उभा राहतो. तुम्ही जेवून या, तो तिथेच असतो. मग त्या लढाईत जीव कसला? दुसरं कारण सेव्ह-लोडचं. नेम चुकला की जुना सेव्ह उघडायचा आणि पुन्हा गोळी झाडायची. असं खेळलं तर शेवटी जिंकणं ठरलेलंच असतं, उरते ती निव्वळ बटणं दाबायची हमाली. हे दोन्ही आक्षेप मला आजही पोरकट वाटत नाहीत.

मत हललं ते मालवणात, पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि गावाचा वेग आपोआप उतरतो. वारा सुटला की लाईट जाते, लाईट गेली की मोबाईलची रेंजही भरवशाची राहत नाही. फोनवरचे ऑनलाईन लढाईचे खेळ तेव्हा काही कामाचे नसतात. माझ्या भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र १९९४ सालचा ‘यूएफओ: एनिमी अननोन’ मजेत चालायचा. त्याला ना नेट लागतं, ना भारी ग्राफिक्स कार्ड. ज्युलियन आणि निक गॉलप या ब्रिटिश भावांच्या मिथॉस गेम्सने तो बनवला आणि मायक्रोप्रोझने बाजारात आणला. अमेरिकेत तो ‘एक्स-कॉम’ नावाने गेला आणि पुढे त्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

भाच्याने आपल्या शिपायांना वाडीतल्या क्रिकेट टीमची नावं दिली होती. या खेळात मेलेला शिपाई परत येत नाही. त्याने मिळवलेला अनुभव आणि त्याचा हुद्दा त्याच्याबरोबरच जातो आणि पुढच्या मोहिमेला त्याच्या जागी नवखा पोरगा उभा राहतो. टीमचा विकेटकीपर पहिल्याच फेरीत पडला तेव्हा मी म्हटलं, “लोड कर ना परत.”

“नाय मामा,” तो म्हणाला. “मेलो तो मेलो.”

त्या एका नियमाने खेळ पार बदलून गेला. तोवर हमाली वाटणारं प्रत्येक पाऊल एकदम महाग झालं. मीही त्याच नियमाने खेळायला बसलो आणि ज्या संथपणाला मी नावं ठेवत होतो, त्याच्या पोटात काय आहे ते तेव्हा कळलं.

एकाच शिपायाची एक टर्न जवळून बघा. प्रत्येकाला ‘टाईम युनिट’ मिळतात. समजा याच्याकडे ६० आहेत. मोकळ्या जमिनीवर सरळ एक घर चालायला ४ लागतात, गुडघ्यावर बसायला ४. रायफलने झटपट गोळी झाडायची तर त्याच्या एकूण युनिटांचे २५ टक्के, म्हणजे १५ जातात. नीट नेम धरून झाडायची तर ८० टक्के, म्हणजे ४८. आता भिंतीचा आडोसा अकरा घरं लांब आहे. तिथवर गेलो तर ४४ संपतात आणि १६ उरतात. त्यात एक गोळी बसते, पण गुडघ्यावर बसायला काही शिल्लक राहत नाही. दहाव्या घरावर थांबलो तर बसताही येतं आणि गोळीपुरते १६ही उरतात, पण आडोसा एका घराने हुकतो. अकरावं घर गाठून बसायचाच हट्ट केला, तर हातात १२ राहतात आणि गोळी सुटतच नाही.

ही शिल्लक कशासाठी? तर शत्रूच्या टर्नमध्ये तो आपल्या समोरून गेला, की हातचं राखलेल्या युनिटांवर आपला शिपाई आपणहून गोळी झाडतो. ती तो झाडेल की नाही हे त्याच्या चपळाईवर आणि त्याने किती युनिट शिल्लक ठेवलेत यावर ठरतं. म्हणजे जो धावत सुटला तो शत्रूच्या पाळीत उघडा पडतो. जो कमी चालला त्याचं रक्षण होतं, पण त्याला पुढचं काहीच दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय मोहीम पुढे सरकत नाही. भाचा मला सारखं बजावायचा, “आधी बघ, मगे चल.” सगळी घालमेल या दोन शब्दांमध्ये होती, कारण बघायलाही आधी चार पावलं चालावं लागतं.

मग शत्रूची टर्न येते. पडदा झाकला जातो, दिसण्यापलीकडे हालचाल चालू असल्याचं सांगणारी पाटी येते आणि आपल्याला हात बांधून बसावं लागतं. घाई नाही म्हणून लढाईत जीव नाही, हा माझा पहिला आक्षेप तिथे गळून पडला. आपण ठरवून मोकळे झालेलो असतो आणि आता फक्त परिणाम यायचा असतो. छाती त्या क्षणी जितकी धडधडते तितकी धावपळीच्या खेळात माझी तरी कधी धडधडली नाही.

संथ खेळाची ही गोडी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवली जाते. ही कला विझत आली होती, ती शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघं खेळतात, प्रत्येकाच्या हाती ४० पानं. निम्म्या अवतारांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्यांत उलटं. दिवसा रामाच्या पानाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. कुठली पानं पडून गेली आणि कुठली अजून बाहेर आहेत हे डोक्यात पक्कं ठेवावं लागतं, नाहीतर हातातल्या बड्या पानाचंही मोल कळत नाही.

बुद्धिबळाचा पट उघडा असतो, दोघांनाही सगळं दिसतं. गंजिफेत आणि ‘यूएफओ’त मात्र समोरच्याकडे काय आहे ते झाकलेलं असतं. जे घडून गेलं ते लक्षात ठेवून, जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधायचा, आणि टाकलेलं पान उचलायची मुभा नाही. या खेळांचा कस इथे लागतो. गंजिफेत कुणी पडलेलं पान परत हातात घेऊ लागला तर दुसरे दोघं उठून जातील. सेव्ह-लोड करून मी नेमकं तेच करत होतो, तेव्हा रस उतरणारच.

आता माझ्या जुन्या मताचा जो भाग शाबूत आहे, त्याकडे येतो.

१९९५ साली याच खेळाचा दुसरा भाग आला, ‘टेरर फ्रॉम द डीप’. लढाई समुद्राच्या तळाशी. किनाऱ्यावरच्या माणसाला तो जास्त आवडायला हवा होता. पण त्यात जहाजांवर हल्ले होतात आणि ते जहाज दोन टप्प्यांत पिंजून काढावं लागतं: अरुंद वाटा, खोल्यांमागून खोल्या, दारांमागून दारं. शत्रू बहुतेक मारून झालेले असतात, जिंकणं ठरलेलं असतं आणि शेवटचा एक कुठल्यातरी खोलीत दडून बसलेला असतो. टर्नमागून टर्न नुसती दारं उघडत राहायचं. हे तेव्हाही कंटाळवाणं होतं आणि आजही आहे, त्याला खोली वगैरे नाव देऊन मी त्याची भलामण करणार नाही.

या भागाच्या कठीणपणामागेही एक गोष्ट आहे. पहिल्या खेळाच्या मूळ डॉस आवृत्तीत एक चूक राहून गेली होती. कितीही अवघड पातळी निवडली तरी पहिल्या मोहिमेनंतर सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडला की तो सर्वांत सोप्या पातळीवर यायचा. खेळ फार सोपा आहे अशी तक्रार जाणत्या खेळाडूंनी केली. मायक्रोप्रोझने घरच्या टीमकडून घाईने दुसरा भाग करून घेतला आणि तो मुद्दाम अवघड केला. मूळ दोष ध्यानात यायच्या आधीच उपाय झाला होता, आणि खेळाडूंच्या वाट्याला दगदग आली.

यावरून मला वाटतं, वेळ किती लागतो यावर कंटाळा ठरत नाही. टर्नमध्ये ठरवण्यासारखं काही उरलंय का, यावर तो ठरतो. अकरावं घर की गुडघा, हा प्रश्न पाच मिनिटं अडवून धरतो आणि ती पाच मिनिटं भरलेली असतात. रिकाम्या खोलीचं दार दहा सेकंदांत उघडतं आणि तेवढेही नकोसे होतात. पुढच्या पिढीतल्या कर्त्यांनी हे नेमकं ओळखलं. २०१२ च्या नव्या ‘एक्सकॉम’ने टाईम युनिटांचा हिशेब मोडून प्रत्येक शिपायाला दोन कृती दिल्या. खेळ चपळ झाला, अकराव्या घराची चुटपुट मात्र गेली. २०१८ च्या ‘इन्टू द ब्रीच’ने त्याहून धीट वाट धरली: आठ बाय आठचा छोटा पट, मोजक्याच टर्न, आणि शत्रू कुठे वार करणार ते आधीच दाखवलेलं. दार उघडण्याची एकही टर्न त्यात नाही आणि विचार तसूभरही कमी झालेला नाही.

म्हणून आता कुणी विचारलं, तर मी हे खेळ मनापासून सुचवतो, विशेषतः अकरावी-बारावीतल्या मुलांना, ज्यांच्या हातातला फोन त्यांना एक क्षण थांबू देत नाही. सुरुवात पहिल्या ‘यूएफओ’ने करावी. शिपायांना ओळखीची नावं द्यावीत आणि मेलेल्यासाठी जुना सेव्ह उघडू नये. आणि एखाद्या मोहिमेत ठरवण्यासारखं काही उरलं नाही, नुसती शोधाशोध उरली, तर सगळ्यांना विमानात परत आणून मोहीम सोडून द्यायची सोय खेळातच आहे. गुण कमी पडतात, पण शिपाई जिवंत राहतात आणि पुढच्या खऱ्या पेचासाठी आपलं डोकंही ताजं राहतं. ती सोय बिनदिक्कत वापरावी.