दाबून पाठवलेली पानं

३ जून
अंकाचं संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवलं. कॉम्प्रेशन बंदच निघालं. एन्जिन-एक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये जीझिप, म्हणजे पानं दाबून पाठवायचं तंत्र, मुळात बंद असतं, ते आपण चालू करायचं. आणि चालू केलं तरी ते फक्त एचटीएमएल दाबतं. सीएसएस, जावास्क्रिप्टही दाबून हवं असेल तर त्या प्रकारांची यादी वेगळी द्यावी लागते. ती द्यायची राहते आणि लोक छातीठोकपणे सांगतात, ‘जीझिप चालू आहे की!’ यादी दिली. दोन ओळींचं काम.

५ जून
यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते. ‘मराठी’ म्हणजे १५ बाइट. रोमन लिपीतला पाच अक्षरांचा शब्द ५ बाइटांत उरकतो. संथ रेंजवर हा भुर्दंड वाचकाच्या माथी. पण त्या तिनांतले पहिले दोन बाइट पानभर जवळजवळ तेच ते येत राहतात, आणि जीझिपच्या पोटातला डिफ्लेट जगतो तो पुनरावृत्तीवरच. येऊन गेलेला तुकडा पुन्हा लिहायचा नाही, ‘इतकं मागे जा, इतकं उचल’ एवढंच सांगायचं, ही झिव्ह आणि लेम्पेल यांची १९७७ची युक्ती. मागे बघायचं ते ३२ केबीपर्यंतच. वर हफमनची १९५२ची रीत: जे वारंवार येतं त्याला आखूड संकेत. भुर्दंडातला बराचसा भाग असा परत मिळतो. आमच्या संपादकीयांतलं ‘या पार्श्वभूमीवर’ तर फारच स्वस्तात जात असणार.

९ जून
धडगावहून गुरुजींचा फोन. “ताई, पान आता उघडतं, पण आधी बराच वेळ पांढरंच दिसतं.” सातपुड्यातली रेंज. नुसतं वजन घटवून तिथे भागत नाही. नवं कनेक्शन जुळलं की सर्व्हर सगळं एकदम ओतत नाही. पहिल्या खेपेला साधारण १० पॅकेट, म्हणजे १४ केबीच्या आसपास पाठवतो आणि पोच यायची वाट बघतो. डोंगरात ती पोचच रेंगाळते. तेव्हा मथळा, पहिले परिच्छेद आणि त्यांच्यापुरतं सीएसएस दाबल्यावर त्या पहिल्या खेपेत बसायला हवं. तीन मजली मेनू काढून टाकला. कोणाला त्याची आठवणही आलेली नाही.

१२ जून
ब्रॉटली लावलं. गूगलमध्ये जन्मलेल्या या पद्धतीचं तपशीलवार वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झालं. तिच्यासोबत १३,००० हून अधिक शब्द आणि तुकड्यांचा कोश तयारच येतो. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, अरबी आणि हिंदीतले. मराठीला त्यातलं हिंदीशी सामाईक असेल तेवढंच. ब्राउझर ब्रॉटली मागतात तेही एचटीटीपीएसवरच. सर्वांत वरची, ११वी पातळी फार वेळ खाते, म्हणून जुने लेख एकदाच दाबून ठेवायचे. शोधाचं पान दर वेळी नवं तयार होतं, त्याला खालची पातळी पुरे.

१८ जून
“फोटोही जीझिप करा ना,” संपादकांची सूचना. जेपीईजी आधीच दाबलेलं असतं. पुन्हा दाबून प्रोसेसर तेवढा तापतो, फाइल क्वचित चार बाइटांनी वाढतेही. वॉफ-२ फॉण्टचंही तेच, ब्रॉटली त्याच्या आतच असतं. फोटोचा आकार कमी करणं, तो वेबपीमध्ये देणं, हाच उपाय.

खरी धोंड म्हणजे जुन्या अंकांचे स्कॅन. मजकूर असूनही ती पानं चित्रंच. डिफ्लेटला त्यांत एकही ‘आहे’ सापडत नाही. मी म्हटलं, टंकून घेऊ. “जुन्या खिळ्यांची शान जाईल,” संपादक म्हणाले. जाईल थोडी. शेवटी ठरलं: टंकलेला मजकूर आधी, मूळ पानाचं चित्र दुव्यावर टिचकी मारणाऱ्यालाच. दिवाळी अंकांपासून सुरुवात. मुद्रितं कोण तपासणार, या प्रश्नावर मात्र बैठक एकाएकी संपली.