पेटीनं गप्प राहावं

उधना-लिंबायतमध्ये आवाज विकत घ्यावा लागत नाही. यंत्रमाग रात्रंदिवस खडखडतात आणि धुळे-जळगाव-नंदुरबारकडून पोटामागे सुरतेत आलेली आमची माणसं त्या खडखडाटात गाढ झोपतात. अशा ठिकाणी मी घरी उभे स्पीकर बांधायला काढले. हौसेला मोल नाही, एवढंच म्हणायचं. पण या कामात खरी मेहनत असते ती पेटीला गप्प बसवण्याची.

वूफरचा पडदा पुढे जितका आवाज टाकतो तितकाच मागेही टाकतो. दोन्ही समोरासमोर आले की खर्ज गायब. म्हणून पेटी: 18 मिलिमीटरचं एमडीएफ, मीटरभर उंची, आत साधारण 45 लिटर हवा. हे माप मनानं ठरत नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 साली वूफर आणि पेटी यांचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. त्यांच्या पुण्याईवर आज नवशिकाही कागदावरच्या आकड्यांवरून पेटी मापतो. पेटीला लावलेली नळी बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी घुमते, आणि वूफर जिथे थकतो तिथे खर्जाला हात देते.

फळ्या कापून देणाऱ्या मिस्त्रीनं विचारलं, "भाऊ, चपलांचं कपाट ना? मग कप्पे कुठंयत?" आडव्या पट्ट्या दाखवल्या तर म्हणाला, "एवढ्याशा कप्प्यात चप्पल मावायची नाही." त्या पट्ट्या फळ्या थरथरू नयेत म्हणून. फेव्हिकॉल लावून, शिकंजे आवळून रात्रभर ठेवायचं. मग बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचं. पोकळ वाजलं तर अजून एक पट्टी. बद्द वाजलं की जमलं.

बाकी सामानाला सुरतेसारखं गाव नाही. पेटीत भरायला गादीवाल्याकडचा पॉलिएस्टरचा कापूस. जाळीचं कापड रिंग रोडच्या बाजारातलं. ते ओठांशी धरून फुंकायचं. श्वास अडला तर ट्वीटरचा, म्हणजे तार स्वरांच्या छोट्या स्पीकरचा, आवाजही अडणार; दुकानदार वेड्यात काढतो, काढू दे. खर्ज वूफरकडे आणि तार स्वर ट्वीटरकडे धाडणाऱ्या क्रॉसओव्हरचं वेटोळं तांब्याच्या तारेचं. या शहरात नकली जरीच्या पोटातही तांब्याचीच तार असते, तेव्हा तार बघून इथं कुणी भुवई उंचावत नाही.

सगळ्यात गोड काम पेन्सिल सेलचं. वूफरच्या दोन टोकांना क्षणभर सेल टेकवायचा. पडदा पुढे सरकला तर सेलच्या धन टोकाला लागलेलं ते वूफरचं धन टोक. तारा उलटसुलट जोडल्या तर दोन पेट्या एकमेकींचा खर्ज खातात, आणि माणूस उगाच वूफरला शिव्या देत बसतो.

जोडणी झाल्यावर स्पीकरवर तंबोऱ्याची रेकॉर्ड लावली. शेजारच्या आजी दारात येऊन ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईमाता बसेल. तेव्हा गल्लीत लावशील ना रे हा भोंगा?" एवढ्याशा वूफरचा आवाज गल्लीत दोन घरांपलीकडे जायचा नाही, हे त्यांना पटेना. एवढं मोठं कपाट, म्हणाल्या, आणि आवाज नाही?