शब्द टाकणं

आमच्या अलिबाग तालुक्यातला पांढरा कांदा पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या तोंडावर खपत आला. भात कापून झालं की त्याच जमिनीत वाफे करायचे, रोप लावायचं, उन्हं तापायला लागली की कांदा उपटायचा, पातीसकट सुकवायचा आणि घरातल्या बायकांनी बसून त्याच्या माळा विणायच्या. हल्ली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. तरी कार्लेखिंडीपासून रस्त्याच्या कडेला टांगलेल्या माळांत आमचा कांदा किती आणि बाहेरचा किती, हे मुंबईच्या माणसाला गाडीतून कळत नाही. तो शेवटी कोणाला तरी फोन करतो आणि विचारतो, ‘तुम्ही कोणाकडून घेता?’ यालाच आम्ही शब्द टाकणं म्हणतो. एकानं दुसऱ्यासाठी तिसऱ्याकडे टाकलेला शब्द.

हे सगळं आठवायचं कारण आमची सून. ती घरात बसून जे काम करते त्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. मी दहावी शिकलेला माणूस, मला ते नाव तोंडात बसवायलाच आठवडा लागला. काम मात्र समजलं. पूर्वी पेढीवर मुनीमजी असायचा ना, तसंच. फरक इतकाच की पेढी पुण्यात आणि मुनीम आमच्या पडवीत. मालकाची पत्रं बघायची, भेटीच्या वेळा लावायच्या, बिलं पाठवायची, पैसे आले नाहीत तर गोड भाषेत आठवण करायची. पगार नाही, महिन्याच्या तासांचे पैसे. म्हणजे आमच्या शेतीसारखंच. गिऱ्हाईक असलं तर आहे, नसलं तर नाही.

लग्नाआधी ती पनवेलला एका ऑफिसात होती. तिथल्या मैत्रिणीनं सांगितल्यावरून पुण्याच्या एका बाईंचं काम मिळालं. त्या कंपन्यांमध्ये जाऊन प्रशिक्षण देतात. एकच गिऱ्हाईक, दोन वेळच्या भाजीपुरते पैसे. मुलगा कारखान्यात कंत्राटावर होता, म्हणून त्याचं काही वाटत नव्हतं.

मग २०२० साल आलं. टाळेबंदीत मुलाचं कंत्राट गेलं. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या अंगावरून गेलं. वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले. नारळाचं झाड पडलं की नुसतं एक झाड पडत नाही, पुढची सात-आठ वर्षं पडतात. आमच्याकडे अठरा दिवस वीज नव्हती. त्याच पावसाळ्यात जमिनीचा एक दलाल ओटीवर येऊन बसला. रस्त्यालगतच्या आमच्या वीस गुंठ्यांवर त्याची नजर. ‘काका, आता वाडी उभी करायला पैसा लागेल, बघा,’ म्हणाला. आजूबाजूची चार शेतं बंगल्यांची कुंपणं झाली होती. त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला झोप लागेना.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सुनेनं नवऱ्याला मोटारसायकल काढायला लावली. पडलेली झाडं चुकवत दोघं वडखळपर्यंत गेली, तेव्हा कुठे मोबाइलला रेंज आली. तिथून तिनं पुण्याच्या बाईंना चार ओळींचा मेल केला. वादळ झालंय, वीज नाही, सोमवारपर्यंतचं काम आधीच करून ठेवलंय ते अमुक ठिकाणी आहे, पुढच्या दोन भेटी तुम्हाला स्वतः बघाव्या लागतील. तेवढं कळवून परत आली. मला वाटलं, घरावर कौलं नाहीत आणि ही पत्रं कसली लिहितेय!

वीज आली, काम सुरू झालं, तेव्हा एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘बाबा, आणखी गिऱ्हाइकं हवीत. बाईंनाच विचारते, पण कसं विचारू? भीक मागितल्यासारखं वाटतं.’

मी तिला माझ्या वडिलांचं सांगितलं. वडील माळांचे भारे घेऊन रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरायचे आणि लालबाग-परळच्या चाळींत फिरायचे. ‘कोणाला कांदा हवा असला तर सांगा,’ असं ते कधीच म्हणाले नाहीत. असं सांगितलं की माणूस हो म्हणतो आणि जिना चढेपर्यंत विसरतो. ते म्हणायचे, ‘वहिनी, तुमची नणंद करी रोडला राहते ना? तिच्याकडे दोन माळा देऊन जाऊ का? तुमचं नाव सांगतो.’ आणि हे विचारायची वेळ कुठली? मागच्या वर्षीचा कांदा पावसाळाभर टिकला, असं त्या बाईनं आपल्या तोंडानं सांगितलं की लगेच. गावी परतल्यावर पंधरा पैशांचं कार्ड टाकायचे. ‘आपल्या सांगण्यावरून आपल्या नणंदेकडे दोन माळा दिल्या, त्यांना पसंत पडल्या.’ नणंदेनं घेतल्या नाहीत तरी कार्ड जायचं. ज्यानं शब्द टाकला त्याला पुढे काय झालं ते कळलं पाहिजे, असा त्यांचा दंडक. आणि ओळखीतून आलेल्या घरी माळ द्यायची ती भाऱ्यातली निवडून. कांदा सडका निघाला तर आपलं गिऱ्हाईक जातं, पण त्या वहिनीची नणंदेपुढची पत जाते. ती कशी भरून देणार?

सुनेनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तिनं मेल लिहिला आणि मराठीत मला वाचून दाखवला. साधारण असा होता: ‘ताई, गेल्या तीन महिन्यांची अडकलेली सगळी बिलं वसूल झाली, यादी सोबत आहे. माझ्याकडे आता आठवड्याला दहा तास मोकळे आहेत. तुमच्यासारखं एकट्यानं प्रशिक्षणाचं काम करणारं, बिलांमागे लागायला वेळ न मिळणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर खालच्या चार ओळी त्यांना पुढे पाठवाल का? नाही पाठवल्या तरी आपल्या कामात काही फरक पडणार नाही.’ खाली चार ओळी. ती कोण, काय करते, किती तास देऊ शकते, कुठे कळवायचं. बाईंना काही लिहावं लागू नये, नुसतं बोट दाबलं की झालं, अशी सोय. आपल्या कामासाठी दुसऱ्याला शब्द टाकायला लावायचा, तर त्याचे कष्ट आपण उचलायचे, हे तिचं तिला सुचलं होतं.

दहा दिवस उत्तर नाही. मग तिनं एकदाच, दोन ओळींची आठवण केली. तिसऱ्यांदा विचारायचं नाही, हे ठरलेलं. त्याच रात्री बाईंचा मेल आला. त्यांनी ओळखीच्या एका सल्लागार गृहस्थांना लिहिलं होतं आणि त्या चार ओळींवर स्वतःची एक घातली होती. वादळात घर उघडं पडलेलं असताना या मुलीनं मला आधी कळवलं, अशी. ती ओळ सुनेला मागून मिळाली नसती.

तिनं त्या गृहस्थांना तासाभरात उत्तर दिलं, बाईंचे आभार मानले आणि पुढच्या पत्रांतून बाईंना मोकळं केलं. सोयरीक सुचवणाऱ्याला देण्याघेण्याच्या बोलणीत बसवून ठेवू नये, तसं. काम ठरल्यावर बाईंना कळवलं. पुढे एकदा असंच ओळखीतून आलेलं एक काम तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तेही तिनं दोघांना लिहून नाही सांगितलं. एका ओळखीच्यानं गिऱ्हाईक आणून देण्याचं टक्केवारीनं कमिशन मागितलं. ती म्हणाली, पैसे घेऊन टाकलेला शब्द म्हणजे दलाली. करायची तर समोरच्याला सांगून. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

वर्षभरात पाच गिऱ्हाइकं झाली. मी हिशेब विचारला तर पाचातली चार त्या बाईंच्याच ओळखीची. तेव्हा मी तिला १९८२ सालचं सांगितलं. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचा कांदा आला तोवर लालबाग-परळमधल्या घरांत रोजच्या जेवणाची पंचाईत होती, माळा कोण घेणार? वहिनी, नणंद, शेजारीण, सगळ्या एकमेकींच्या ओळखीतल्या, सगळ्यांची माणसं गिरणीतली. तीस वर्षांची साखळी एका हंगामात थांबली. वडिलांनी आणि मी गिरगावात, पार्ल्यात पहिल्या जिन्यापासून सुरुवात केली. सगळ्या माळा एकाच खुंटीला टांगायच्या नाहीत. त्यानंतर सुनेनं पनवेलच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांना, कॉलेजातल्या बाईंना एकेक करून लिहिलं. एकच मेल सगळ्यांना नाही, प्रत्येकाला वेगळा. त्यातून दोन कामं आली.

तिच्या पैशांवर घर चाललं म्हणून वीस गुंठे राहिले. वाडीत नवे नारळ लावलेत, ते अजून कमरेएवढे आहेत. दलाल अधूनमधून चहाला येतो.

हल्ली गावातली एक बारावी झालेली मुलगी सुनेकडे येते. ‘वहिनी, माझ्यासाठी पण कुणाला तरी लिहा ना,’ म्हणते. सुनेनं तिला सांगितलं, ‘आधी महिनाभर माझ्या हाताखाली काम कर, त्याचे पैसे देते. मग बघू.’ मुलीची आई माझ्याकडे येऊन कुरकुरली, ‘दोन ओळी लिहायला काय जातं हो हिचं?’ काय जातं ते तिला कसं सांगू! काल रात्री अकरापर्यंत सून त्या मुलीनं केलेली बिलं तपासत बसली होती. शब्द अजून टाकलेला नाही.