ओठाच्या कोपऱ्यात

पावसाळा लागला की बागेतल्या तळ्यांचे मालक मला फोटो पाठवायला लागतात. तळ्यात लाल-पांढरे कोई आहेत, केशरी गोल्डफिश आहेत आणि आता त्यांच्यात बोटभर लांबीची काळपट-तपकिरी पिल्लं फिरताना दिसतात. प्रश्न एकच असतो: हा दोघांचा क्रॉस आहे का? फोटो जवळजवळ नेहमी काठावर उभं राहून, वरून काढलेला असतो. त्यावरून मी उत्तर देत नाही.

मासा वरून पाहायची सवय आपल्याला कोईनेच लावली. जपानच्या निइगाता भागातल्या डोंगरी गावांत शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत. त्यांतूनच एकोणिसाव्या शतकात त्यांनी रंगीत मासे निवडत आणले. तळ्याच्या काठावरून पाठीवरची नक्षी पाहायची, तिच्यावरून मासा ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं, अशी ती सगळी निवड झाली. गोल्डफिश त्याहून कितीतरी जुना. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून लोक तो पाळत आले. दोघांचाही लौकिक रंगावर उभा आहे, आणि क्रॉस ओळखताना नेमका रंगच कामाचा नाही.

याचं कारण साधं आहे. शुद्ध गोल्डफिशची पिल्लंही जन्मतः तपकिरी, हिरवट असतात. केशरी रंग त्यांना काही महिन्यांनी चढतो, आणि काहींना तो कधीच चढत नाही. तळ्यातलं तपकिरी पिल्लू बहुतेक वेळा असं रंग न बदललेलं गोल्डफिशच निघतं. खरा क्रॉसही पुष्कळदा तपकिरीच असतो, कारण दोन्ही बाजूंनी पिढ्यान् पिढ्या राखलेला रंग मिश्र संततीत टिकत नाही आणि रानमाशाचा मूळ रंग वर येतो. वरून पाहिलं तर दोन्ही पिल्लं सारखीच दिसतात.

म्हणून मी मासा बाहेर काढायला सांगतो. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. पारदर्शक डब्यात तळ्याचंच पाणी घ्यायचं, मासा कडेला समांतर येईपर्यंत थांबायचं आणि पहिली नजर ओठाच्या कोपऱ्यावर टाकायची. कोई म्हणजे रंगीत कॉमन कार्प, आपले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच. त्याला मिशांच्या दोन जोड्या असतात: वरच्या ओठावर एक आखूड, आणि तोंडाच्या कोपऱ्याशी दुसरी, थोडी लांब. गोल्डफिशला मिशी अजिबात नसते. क्रॉसची मिशी या दोहोंच्या मधली असते आणि तिचा नेम नसतो. कधी एकच जोडी, कधी दोन्ही जोड्या पण अगदी बारीक, कधी डावीकडे आहे आणि उजवीकडे नाही. नुकती मिसरूड फुटणाऱ्या पोराच्या ओठावरची लव उजेडात तिरकं पाहिल्याशिवाय दिसत नाही, तसंच हे. भिंग घ्या, मागून उजेड येऊ द्या आणि तोंड दोन्ही बाजूंनी पाहा. मी एका बाजूच्या फोटोवर कधी निकाल दिलेला नाही.

तरीही मिशी एकटी पुरत नाही. कोईची मिशी जखमेने, तोंडाच्या रोगाने झडू शकते. अगदी लहान पिल्लाला ती अजून फुटलेलीच नसते. मग मी खवल्यांकडे वळतो, आणि हे काम मला सगळ्यांत आवडतं. कल्ल्याच्या झाकणामागून शेपटीच्या बुडापर्यंत एक बारीक ठिपक्यांची रेघ जाते, ती पार्श्वरेषा. तिच्यावरचं प्रत्येक खवलं मोजायचं. गोल्डफिशमध्ये ही संख्या साधारण 25 ते 31 भरते, कार्पमध्ये बहुधा 35 ते 39. क्रॉस या दोहोंच्या मधे पडतो. जिवंत मासा हातात धरून कुणी मोजू शकत नाही. स्वच्छ फोटो काढायचा, मोठा करायचा आणि दर पाच खवल्यांवर एक खूण करत जायचं. दोनदा मोजायचं. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजायचं. दोइत्सु कोईच्या, म्हणजे जर्मनीहून आलेल्या कमी खवल्यांच्या कार्पपासून जपानात तयार झालेल्या जातीच्या अंगावर खवले मुळातच तुरळक असतात. त्याच्या संततीपुढे ही मोजणी हरते.

पाठीच्या पराबद्दल लोक फार विचारतात. परापुढचा दाते असलेला कडक काटा कोईलाही असतो आणि गोल्डफिशलाही, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पराची वरची कड कोईत आत वळलेली, गोल्डफिशमध्ये जास्त सरळ. पण पर एकदा फाटून पुन्हा वाढला की हा फरक पुसला जातो. डोक्याचा आखूडपणा, तोंड खाली वळतं की समोर उघडतं, अंगाची उंची, हे सगळं मी पाहतो, पण शेवटी. या खुणांना शब्दांत पकडणं कठीण आहे, आणि जो मालक आधीच मनाशी ठरवून बसलेला असतो त्याला त्या हव्या तशा दिसतात.

सगळ्यांत पक्का पुरावा माशाच्या घशात असतो. कार्पच्या कुळातल्या माशांना जबड्यात दात नसतात, ते घशाच्या हाडांवर असतात. कॉमन कार्पचे दात दाढांसारखे, दर बाजूला तीन ओळींत. गोल्डफिशचे एकाच ओळीत, दर बाजूला चार. क्रॉसमध्ये बहुधा दोन ओळी सापडतात. जिवंत माशात हे पाहता येत नाही. म्हणून एखाद्या संशयित माशाने आपसूक मान टाकली की मालकाला मी विनंती करतो: फेकू नका, बर्फात ठेवा. डोकं थोडं उकळलं की मांस सुटतं आणि ती दोन वाकडी हाडं हाती येतात. ज्या माशाच्या खवल्यांवर आणि मिशांवर इतका काळ वाद घातला, त्याचा खुलासा असा नखाएवढ्या हाडात मिळतो, तेव्हा मला फार समाधान होतं.

दोन वेगळ्या प्रजातींचे मासे इतक्या सहज जुळतात कसे, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं खुणावत आला. दोघांचा विणीचा हंगाम एकच. दोघांचीही अंडी चिकट, जलपर्णीच्या मुळ्यांवर बसणारी. आणि फलन पाण्यात होत असल्यामुळे कुणाचं वीर्य कुणाच्या अंड्यावर पडेल याला आडकाठी नाही. त्याहून खोलवरचं कारण पेशींत आहे. आपल्या रोहूला, कटल्याला 50 गुणसूत्रं असतात. कार्प आणि गोल्डफिश दोघांनाही सुमारे 100. त्यांच्या सामाईक पूर्वजात कधीतरी सगळा संचच दुप्पट झाला होता. मोजणी जुळते म्हणून पिल्लं जगतात, पण पुढची वाट अडते. क्रॉस नर बहुतेक वांझ निघतात, माद्या कधीकधी अंडी घालतात. चीनमध्ये हुनान नॉर्मल विद्यापीठातल्या संशोधकांनी लाल क्रूशियन कार्पची, म्हणजे गोल्डफिशच्याच जवळच्या नातेवाइकाची, मादी आणि कॉमन कार्पचा नर यांच्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या पिढीत त्यांना गुणसूत्रांचे चार संच असलेले, स्वतः प्रजनन करणारे मासे मिळाले. आपल्या बागेतल्या हौदात असं काही घडेल असं मी सांगत नाही, पण क्रॉस म्हणजे सरसकट वांझ, असं म्हणणाऱ्याला मी थांबवतो.

मालकाला मी शेवटी काय कळवतो? मिशी, खवले आणि दिसेल ते बाकीचं, असं सगळं कागदावर लिहून देतो. तीनही खुणा एका दिशेला बोट दाखवत असतील तर क्रॉस म्हणतो. खवले 29 आणि मिशी नाही, तर तपकिरी गोल्डफिश म्हणतो, आणि मालक हिरमुसला तरी मत बदलत नाही. मिशी एका बाजूला अर्धवट असेल आणि खवल्यांची मोजणी डळमळत असेल, तर मासा वेगळ्या हौदात ठेवा, वाढू द्या, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असं सांगतो. वाढलेल्या माशाचं तोंड जास्त बोलतं.

एक गोष्ट मात्र मी दर वेळी बजावतो. बाजारात क्रॉसला भाव नाही, म्हणून लोक बादली घेऊन ओढ्याकडे निघतात. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवरात माणसांनी बाहेरून आणलेला कार्प आणि गोल्डफिश दोन्ही पसरले, आणि तिथे त्यांचे क्रॉस मोकळ्या पाण्यात सापडले. आपल्याकडच्या ओढ्यांत आधीच पुष्कळ परके मासे आहेत. नको असलेली पिल्लं हौदातच राहू द्या, किंवा ज्याच्या तळ्याचं पाणी बाहेर जात नाही अशा माणसाला द्या. आणि पुढच्या विणीआधी, पाणी तापायला लागायच्या सुमारास, कोई आणि गोल्डफिश वेगळे करा.