किती आणे?

पिक्चर पाहून आलं की आमच्या घरात पहिला प्रश्न एकच असायचा. "कितने आने?"

अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते, पुणतांबा स्टेशनावर. आणे केव्हाच चलनातून गेले होते, पण अब्बांचा पिक्चरचा हिशोब शेवटपर्यंत आण्यांतच राहिला. पूर्ण पिक्चर सोळा आणे. त्यातले चार आणे गाण्यांचे, चार गोष्टीचे, चार कामाचे. उरलेले चार कशाचे, असं मी लहानपणी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वो घर आने के बाद मालूम पड़ते." दुसऱ्या दिवशी ड्युटीवर असताना पिक्चरमधलं काही आपसूक आठवलं तर ते चार आणे मिळायचे. नाही आठवलं तर कापले. त्यामुळे अब्बांचा निकाल नेहमी एक दिवस उशिरा लागायचा.

आमचं गाव गोदावरीकाठचं. चांगदेवांची समाधी इथली, म्हणून बाहेरच्या लोकांना नाव माहीत. यात्रेच्या दिवसांत तंबू लागायचा. पुरुष पडद्याच्या पुढे आणि बायका पडद्याच्या मागे, त्यामुळे अम्मीने तंबूत पाहिलेले सगळे हिरो डावखुरे होते. पाट्या तर तिला उलट्याच दिसायच्या, पण तिला तसंही वाचता येत नव्हतं, म्हणून तिची काही तक्रार नव्हती. एरवी कोपरगाव किंवा श्रीरामपूर गाठायचं. अब्बा इशाची नमाज पढून रात्रीच्या खेळाला जात. जुम्म्याच्या बयानात सिनेमाचा विषय निघाला की खाली मान घालून चटईच्या काड्या मोजत बसत. त्यांना मशीदही हवी होती आणि दिलीपकुमारही. यात काही भांडण आहे असं त्यांना कधी वाटलं नसावं.

'अमर अकबर अँथनी' 1977 चा. त्याला अब्बांनी सोळाच्या सोळा आणे दिले. शिर्डी आमच्यापासून वीस किलोमीटरच्या आत. आमच्या गावातली हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं तिथे जायची. त्यामुळे ऋषी कपूरने अकबर होऊन रफीसाहेबांच्या आवाजात साईबाबांचं गाणं म्हटलं, याचं कोणाला नवल वाटलं नाही. वाद झाला तो वेगळाच. साईबाबांच्या देवळात निरूपा रॉयला दृष्टी परत येते, हे अब्बांच्या बरोबरच्या एका बाबूला पटलं नाही. अब्बा त्याला म्हणाले, "तीन मुलं एकाच वेळी एकाच आईला नळ्या लावून रक्त देतात, ते पटलं का तुला? मग डोळ्यांनी काय पाप केलं?" यावर बाबू दोन दिवस बोलला नाही म्हणतात. पण त्या सगळ्या वादात मुसलमान कोण आणि हिंदू कोण, हा मुद्दा आला नव्हता. पिक्चर चांगला की वाईट, एवढंच.

मग आपाचं झालं. माझी थोरली बहीण 1983 साली दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन परत आली. तलाक मिळाला होता, तोही निरोपाने. त्याच सुमारास गावात व्हीसीआर भाड्याने आणायची टूम निघाली. टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, एका रात्रीत तीन पिक्चर, वर्गणी काढून. शेजारच्या घरी अशाच एका रात्री 'निकाह' लावला. बी. आर. चोप्रांचा, 1982 चा. आपाने जाऊ नये असं अम्मीचं म्हणणं होतं. अब्बा म्हणाले, "जाने दे."

सगळ्या बायका रडल्या. सलमा आगाची गाणी तर पुढे वर्षभर मोहल्ल्यात चालली. अब्बांनी दुसऱ्या दिवशी चौदा आणे जाहीर केले आणि घरात पहिल्यांदाच आपाला विचारलं, "तेरे कितने?"

आपा शिवणयंत्रावर बसली होती. पाय न थांबवता म्हणाली, "दो."

अब्बांना वाटलं तिला रडायला आलं असेल. तसं नव्हतं. ती अगदी शांतपणे सांगू लागली. नीलोफरला तलाक मिळतो आणि तिला मासिकात नोकरी लागते. वर तिच्यावर आधीपासून जीव टाकणारा माणूस तिथला संपादकच असतो. "पुनतांबे में कौनसा मासिक निकलता अब्बा? मैं कहाँ जाके बैठूँ?" दोन आणे दिले ते शेवटाचे. नीलोफर दोन्ही नवऱ्यांना सुनावते, की मला तुम्ही वस्तूसारखं एकमेकांना देऊ-घेऊ शकत नाही. "वो बात सच्ची है. बाकी कपड़े अच्छे हैं." कपड्यांचे तिने वेगळे पैसे धरले नाहीत.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. समीक्षा नावाची गोष्ट मी पुढे पुष्कळ वाचली, मराठीतली आणि थोडी उर्दूतली. पण पिक्चरला आपल्या जगण्याशेजारी उभं करून मोजायचं असतं, हे मला त्या शिवणयंत्रापाशी कळलं.

त्याच काळात अब्बांनी कलम 125 खाली तिच्या पोटगीचा अर्ज टाकला होता. ते दोघं तारखेला जायचे, मुलगी अम्मीपाशी ठेवून. एप्रिल 1985 मध्ये शाहबानोचा निकाल लागला. महिन्याला 179 रुपये 20 पैसे. हा आकडा अब्बांना तोंडपाठ झाला होता. त्यांना वाटलं, आपलंही होईल. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला आणि वकील म्हणाला, आता अवघड आहे. जमातीतले दोन बुजुर्ग घरी येऊन गेले. दीनचा मामला आहे, अर्ज मागे घ्या, म्हणाले. अब्बांनी घेतला. त्या वर्षी त्यांनी एकाही पिक्चरला आणे दिल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी गावातच शिकवू लागलो आणि संध्याकाळी स्टेशनवरच्या एका बाकावर आमची पाच जणांची बैठक जमू लागली. पाचांत मी एकटा मुसलमान. तिथे दहापैकी मार्क चालायचे. माझा एक शाळेपासूनचा मित्र, कांद्याची शेती करणारा, हा आमचा हेडमास्तर. तो नावं घ्यायचा आणि आम्ही मार्क द्यायचे. 'सरफरोश' 1999 ला आला तेव्हा सगळ्यांनी नऊ दिले. मीही दिले आणि ते खरे होते. इन्स्पेक्टर सलीमला, हा देश माझंही घर आहे, असं आपल्याच साहेबाला सांगावं लागतं, तो प्रसंग मला अजून आठवतो. अब्बांच्या भाषेत, चार आणे मिळाले. पण माझ्या लक्षात आलं की मार्क सांगताना चौघं जण माझ्या तोंडाकडे बघत होते. वाईट हेतूने नव्हे. नुसतेच बघत होते.

तिथून माझे मार्क बिघडले.

2000 साली 'फिजा' आला. खालिद मोहम्मद यांचा. हे गृहस्थ मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांना तारे वाटायचे, 'मम्मो' आणि 'जुबैदा'ची लेखणीही त्यांचीच. मुंबईच्या दंगलीत घराबाहेर पडलेला भाऊ आणि त्याला शोधणारी बहीण. विषय काळजाला हात घालणारा. पण पिक्चर उत्तरार्धात लांबतो, गाणी मध्येच येतात. मला खरं तर साडेपाच द्यायचे होते. मी नऊ दिले. आमच्या माणसांवर कोणी पिक्चर काढलाय, तर आपणच कसे कमी द्यायचे?

2001 च्या जूनमध्ये एकाच दिवशी 'लगान' आणि 'गदर' लागले. 'लगान'चं काही अवघड नव्हतं. टीममध्ये इस्माईल आहे एवढं मोजून मी निर्धास्त दहा दिले. 'गदर' मी श्रीरामपूरला पाहिला. गाणी उत्तम, ताटातुटीचा भाग डोळ्यांत पाणी आणणारा. पण उत्तरार्धात थिएटरमध्ये ज्या शिट्ट्या आणि आरोळ्या उठत होत्या, त्यांनी मी खुर्चीत आखडून बसलो होतो. मध्यंतरानंतर शेंगदाणेही खाल्ले नाहीत. बाकावर विचारलं गेलं, "किती?" मी म्हणालो, "आठ." घरी अब्बा म्हणाले, "सच्ची बोल." मी म्हणालो, "पाँच आने." ते काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि रेडिओ लावला.

महिनाभराने मित्राने मला बाकावरून उठवून बाजूला नेलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तो म्हणाला, "तू मार्क खरे देत जा ना यार. तुझ्या नऊवर विश्वास ठेवून मी 'फिजा'ला बायकोला नाशिकला नेली. दोघं झोपलो. तिकीट गेलं, भाडं गेलं. आणि 'गदर' तुला आवडला नव्हता, हे तुझ्या तोंडावर दिसत होतं. आठ कसले देतो?"

मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "बाकीचे काय बघायचंय ते बघू देत. मला पिक्चरला जायचं असतं."

आमच्यावर फार मोठी माणसं फार मोठं बोलून गेली आहेत, पण या माणसाइतकं नेमकं मला कोणी झापलेलं नाही. त्याचे पैसे बुडत होते, एवढीच त्याची तक्रार होती.

असो. 2007 च्या 'चक दे इंडिया'ला मी आठ दिले आणि ते मनापासूनचे होते. तो म्हणाला, "हे ठीक वाटतंय." अब्बा 2010 ला गेले. शिर्डीला जाणारा फाटा 2009 लाच सुरू झाला होता आणि आमच्या स्टेशनवरून साईनगरच्या गाड्या जाऊ लागल्या होत्या. जून 2017 मध्ये शेतकऱ्यांचा संप आमच्या गावातून उठला आणि आठवडाभर चॅनेलच्या गाड्या वेशीपाशी उभ्या राहिल्या. तेव्हा बाकावर आम्ही गावाच्या बातम्यांनाच मार्क दिले. मित्र स्वतः दोन वेळा पडद्यावर दिसला होता. त्याने स्वतःला चार दिले, "काम बरं होतं, गोष्ट अर्धवट सोडली."

त्याच वर्षी मराठीत 'हलाल' आला, राजन खानांच्या कथेवरचा, शिवाजी लोटन पाटलांचा. मी तो आपाला दाखवला. मराठी बोलणारी मुसलमान माणसं पडद्यावर पाहूनच तिला आधी नवल वाटलं. दहा आणे दिले तिने. बाकावर मात्र मी त्या पिक्चरबद्दल अवाक्षर काढलं नाही. ऑगस्टमध्ये तीन तलाकचा निकाल लागलेला, टीव्हीवर रोज आरडाओरडा. आपलं घरातलं दुखणं बाहेर सांगावं, तर दुसऱ्या दिवशी तेच कोणीतरी आपल्याच अंगावर फेकून मारतं. आणि न सांगावं, तर आपाचे दहा आणे खोटे पडतात. मी पळवाट काढली. "पाहिला नाही," म्हणालो. 2022 आणि 2023 मध्ये ज्या दोन-तीन पिक्चरांची गावोगाव चर्चा होती, तेव्हाही माझं हेच उत्तर होतं. त्यातला एक मी खरंच पाहिला नव्हता.

आता बाकावर दोघंच उरलोत. बाकीचे मोबाइलवर पाहतात आणि मोबाइलवरच बोटाने अंगठा दाखवतात.

'हक' नोव्हेंबर 2025 मध्ये लागला. शाहबानोच्या खटल्यावरून बेतलेला, यामी गौतम आणि इमरान हाश्मीचा. आम्ही तो नंतर आपाच्या नातवाच्या मोबाइलवर पाहिला. आपा आता पासष्ठीच्या पुढे आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मोबाइल उशीला टेकवून ती पूर्ण वेळ न हलता बसली. मला भीती वाटत होती. तारखांना जायचे दिवस आठवतील, अब्बा आठवतील.

संपल्यावर नातवाने विचारलं, "नानी, कितने आने?" घरातली रीत त्याच्यापर्यंत पोचली आहे, आणा कसा असतो हे त्याला माहीत नाही.

"काम के चार," आपा म्हणाली. "लड़की अच्छा काम की." मग थोडा वेळ थांबून, "पन इत्ता कौन बोलने देता कोरट में? मैं तो नाम भी पूरा नहीं बोली थी, तारीख पड़ गई." नातू हसला. तीही हसली. आकडा मात्र तिने सांगितला नाही. चार आणे उद्याचे राहिलेत, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर मित्राने विचारलंच. "तो शाहबानोवाला पाहिलास का?" मी नेहमीचं उत्तर ओठांवर आणलं होतं. पण त्याच्या शाळेच्या पहिल्या पॅंटला आपाने शिवण घातली होती. तालुक्याच्या गाडीसाठी आपा आणि अब्बा ज्या बाकावर बसायचे, तो हाच होता, आणि हा मित्र तेव्हा तिथेच चिंचा विकायचा. मी कोणापासून काय लपवत होतो?

"पाहिला," मी म्हणालो. "माझे सहा."

"आणि आपाचे?"

मी कोर्टातल्या तारखेचं तिचं वाक्य त्याला सांगितलं. तो हसला नाही. रुळांकडे बघत म्हणाला, "डबा असायचा तिच्याकडे. मला अर्धी पोळी द्यायची." मग जरा वेळाने म्हणाला, "अजून आकडा दिला नाही का तिने?"

"नाही. तिचा निकाल आज लागायचाय."

"मग चल घरी," तो उठत म्हणाला. "तिलाच विचारू. तुझ्या सहावर मी मोबाइलचा डेटा घालवणार नाही."